सोडचिठ्ठीचा कागद

पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहून पक्षकार माझ्याकडे येतात. दोघांच्या सह्या, दोन्हीकडचे पंच साक्षीला, खाली नोटरीचा शिक्का. ‘वकीलबाई, आमचं मिटलंय. कोर्टाचा तेवढा शिक्का मारून आणा.’ पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात माझे सहकारी या कागदाला हसतात. मला हसू येत नाही, कारण न्यायालय 1989 चं आहे आणि कागदाची रीत त्याहून कितीतरी जुनी.

वरच्या म्हणवणाऱ्या जातींत लग्न मोडत नसे. नवऱ्याने दुसरी करायची, बायकोने माहेरी भाकऱ्या बडवायच्या. इतर कित्येक जातींत मात्र पंचांपुढे गवताची काडी मोडली की बाई पाट लावायला मोकळी. नवरा लग्नखर्च मागे, पंच दंड घेत, जातीला जेवण द्यावं लागे. फुकट काहीच नव्हतं. आर्थर स्टीलने दख्खनेतल्या जातींच्या चालीरीती गोळा करून 1827 साली छापल्या, तेव्हा सरकारी अंमलदारांसाठी ही माहिती कामाची होती.

पुढे मुंबई हायकोर्टाने पंचांचे हात बांधले. 1864 च्या करसन गोजा खटल्यात तळपदा कोळ्यांमधली एक चाल न्यायाधीशांपुढे आली: पहिला नवरा हयात असताना, त्याची संमती नसतानाही बाईने नातरा, म्हणजे पाट, करायचा. कोर्टाने ती बेकायदा ठरवली. 1876 साली शंभू रघूच्या खटल्यात स्पष्टच सांगितलं की लग्न रद्द करण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. न्यायाधीशांना नातऱ्याच्या त्या चालीत अनीती दिसली. मला दिसते ती नवऱ्याच्या मर्जीवाचून सुटायची बुजवलेली वाट. नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाई सुतार जातीच्या, त्यांच्या विधवा आईचंही दुसरं लग्न झालेलं. 1887 साली त्याच कोर्टाने त्यांना नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग, असं फर्मावलं. अखेर 1888 साली त्यांच्या नवऱ्याने, दादाजीने, 2000 रुपये घेऊन दावा सोडला. एवढी कोर्टबाजी करून प्रकरण मिटलं ते पंच मिटवत तसंच, पैसे मोजून!

मुंबई प्रांतात सगळ्या हिंदूंना कायद्याने घटस्फोट मिळाला 1947 साली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने कलम 29(2) मध्ये रूढीचा घटस्फोट शाबूत ठेवला आणि लोक त्याचाच आधार घेतात. पण यमनाजी जाधव खटल्यात 2002 साली सुप्रीम कोर्टाने बजावलं की रूढी अर्जात मांडावी लागते आणि पुराव्याने शाबीत करावी लागते. नुसत्या कागदाने भागत नाही.

म्हणून मी आधी विचारते: तुमच्या जातीत ही चाल पूर्वापार आहे का? आधी कोणाकोणाची सोडचिठ्ठी झाली? साक्षीला कोण म्हातारं येईल? बहुतेक जण गप्प बसतात. मजकूर टायपिस्टने दुसऱ्या कुणाच्या कागदावरून उतरवलेला असतो. मग कलम 13-ब खाली परस्परसंमतीचा अर्ज. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदतही आता 2017 च्या निकालामुळे कोर्ट योग्य प्रकरणात माफ करतं. त्या कागदावर विसंबून कुणी दुसरं लग्न करून आलेलं असलं, तर मात्र घटस्फोटाचं राहू दे, आधी द्विभार्येच्या फौजदारीचं बघावं लागतं.