तांदळातल्या किड्याचं बारसं

तांदळात निघणाऱ्या त्या बारक्या, सोंडवाल्या किड्यांना कुणी टोके म्हणतं, कुणी सोंडे, कुणी पोरकिडे. नाव काही का असेना, घरातल्या बायकांना ते बरोबर ओळखता येतात. एरंडेल, बोरिक पावडर, कडुनिंबाचा पाला... उपायही ठरलेले. शास्त्रज्ञांना मात्र या किड्याचं नाव नक्की करायला जवळजवळ २०० वर्षं लागली. ती गोष्ट वाचली आणि वाटलं, तुम्हालाही सांगावी.

स्वीडनच्या लिनियसने १७६३ साली याला 'ओरायझी' म्हटलं, म्हणजे भाताचा. पुढे १८५५ मध्ये मोचुल्स्की नावाच्या रशियन कीटकतज्ज्ञाने अशाच एका किड्याला मक्यावरून 'झियामाईस' हे नाव दिलं. पण दोन्ही दिसायला इतके सारखे, की बहुतेकांनी दोघांना एकच धरलं. पाठीवर तेच चार तांबूस ठिपके, आणि मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, वरून बूच लावते तीही तशीच. अळी आतच वाढते, म्हणून तर दाणा वरून धडधाकट दिसतो!

लोकांच्या एवढं लक्षात आलं होतं, की काही किडे जरा मोठे असतात, काही जरा लहान. १९२८ साली जपानच्या ताकाहाशींनी सांगितलं, की या दोन वेगळ्या जाती आहेत. हे अगदी बरोबर होतं. त्यांनी मोठ्याला 'ओरायझी' ठेवलं आणि लहान्याला 'ससाकी' हे नवं नाव दिलं. जपानात तांदळावर मोठाच सर्रास आढळतो, त्यामुळे हे सहज पटण्यासारखंही होतं. काहींनी ते मानलं. काहीजण मात्र एकाच जातीचे दोन प्रकार म्हणत राहिले.

पण लिनियसच्या हातात होता तो कुठला? हे कोण बघणार? चिलीचे कुशेल यांनी लिनियसचा मूळ नमुना तपासला आणि १९६१ मध्ये जाहीर केलं, की तो लहान जातीचा आहे. नावांच्या नियमात आधीचं नाव मोठं. त्यामुळे लहाना ठरला खरा 'ओरायझी', 'ससाकी' बाद झालं, आणि मोठ्याला मोचुल्स्कींचं १०० वर्षांपूर्वीचं 'झियामाईस' मिळालं.

नावात काय आहे, असं आपण सहज म्हणतो. इथे बरंच काही होतं. मोठा चांगला उडतो आणि शेतात उभ्या मक्यावरच जाऊन बसतो, लहाना मुख्यतः कोठारातला. म्हणजे राखण कुठे करायची, हेच बदलतं. शिवाय १९६१ पूर्वीच्या कितीतरी प्रयोगांवर नुसतं 'ओरायझी' लिहिलेलं आहे. तो किडा कुठला होता? नमुना जपून ठेवला असेल तर नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगता येतं, त्यावर दोन खोबणी असतील तर झियामाईस. नमुना नसेल तर सगळी मेहनत अधांतरी.

गंमत अशी, की नाव बरोबर असलं म्हणजे त्याचा अर्थ बरोबर असतोच असं नाही. जपानात सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या खापरांवर या 'मक्याच्या' किड्याचे ठसे सापडले आहेत. मका तर अमेरिकेचा, तिकडे पोचायला हजारो वर्षं बाकी होती. तेव्हा हे महाशय बहुधा ओकची फळं आणि चेस्टनट खात असावेत! तरी नाव बदलत नाही. नाव ही ओळख असते, वर्णन नव्हे.

आपल्या स्वयंपाकघरात 'साखर' लिहिलेल्या डब्यात रवा असतो आणि घरात कुणाचं काही अडत नाही. अडतं ते बाहेरून आलेल्याचं. शास्त्र हे त्या बाहेरून येणाऱ्यासाठीच लिहिलेलं असतं, कदाचित शंभर वर्षांनी येणाऱ्यासाठी. कुशेल यांनी डबा उघडून आत काय आहे ते बघितलं, एवढंच. पण ते कुणीतरी बघावं लागतं.

असो. तुमच्याकडे या किड्याला काय म्हणतात? नक्की कळवा.