जुनी अमेरिकन लक्झरी गाडी: इंजिन कुठलं टिकाऊ, कार्बोरेटर कुठला बसवावा?

कॅडिलॅक, लिंकन, इम्पीरियल, पॅकार्ड. या जुन्या अमेरिकन गाड्यांची नावं निघाली की पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा येतो आणि दुसरा इंजिनाचा. इंजिन टिकतं का? १९८० पूर्वीची बहुतेक इंजिनं टिकतात. गाडी अडते ती बऱ्याचदा पॉइंट, प्लग, पेट्रोलची नळी किंवा हवेची गळती अशा किरकोळ कारणांनी. खर्च मात्र होतो नव्या, मोठ्या कार्बोरेटरवर.

या गाड्या आपल्या भागाला अगदीच परक्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या. त्यामुळे जुनी अमेरिकन गाडी पुन्हा रस्त्यावर आणू बघणारे आजही भेटतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

भरवशाची इंजिनं

कॅडिलॅकने १९४९ मध्ये ३३१ घनइंचांचं, म्हणजे ५.४ लिटरचं व्ही-८ इंजिन आणलं. वर व्हॉल्व्ह असलेली ही रचना पुढे वाढत गेली. १९६८ मध्ये ४७२ घनइंच (७.७ लिटर) आणि १९७० च्या एल्डोराडोमध्ये ५०० घनइंच (८.२ लिटर) इंजिन आलं. लिंकनची ४३०, ४६२ आणि ४६० ही इंजिनं आणि इम्पीरियलची ४१३ आणि ४४० हीसुद्धा याच जातीची. आकाराने मोठी आणि कमी आरपीएमवर निवांत चालणारी. ताण कमी म्हणून झीज कमी.

या काळातल्या अनेक इंजिनांत एक कच्चा दुवा सापडतो. आवाज कमी यावा म्हणून टायमिंग चेनच्या वरच्या चक्राला नायलॉनचे दात असत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होतात, तुटून ऑइलच्या चेंबरमध्ये पडतात आणि पंपाची जाळी तुंबवतात. हे चक्र बदललंय का, हे गाडी घेण्याआधीच विचारा.

इथे सावध राहा

पॅकार्डच्या १९५५ च्या व्ही-८ मध्ये ऑइल पंप आणि वायपरचा व्हॅक्युम पंप एकत्र होते. त्यातून ऑइलमध्ये हवा मिसळे आणि टॅपेट वाजत. नंतरचा सुधारित पंप बसवलेला असेल तर काळजी कमी.

कॅडिलॅकचं १९८२ चं एचटी ४१०० इंजिन मात्र टाळलेलंच बरं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, हेड बिडाचं. गॅस्केट गळून पाणी ऑइलमध्ये जातं आणि बेअरिंगं खलास होतात. १९७८ पासून मिळणाऱ्या ५.७ लिटर डिझेलचे हेड बोल्ट कमजोर होते. १९८१ च्या ‘८-६-४’ मध्ये इंजिन दणकट, पण गरजेप्रमाणे सिलिंडर बंद-चालू करणारं इलेक्ट्रॉनिक्स बेभरवशाचं होतं. क्रायस्लरचा १९८१ ते ८३ चा इम्पीरियल तर इंजेक्शन घेऊन आला आणि तक्रारी इतक्या वाढल्या की कंपनीनेच अनेक गाड्यांना पुन्हा कार्बोरेटर बसवून दिले.

कागदावरची ताकद

एल्डोराडोची ताकद १९७० मध्ये ४०० हॉर्सपॉवर, १९७१ मध्ये ३६५ आणि १९७२ मध्ये २३५ लिहिलेली दिसते. पहिली घट खरी आहे. शिसेविरहित पेट्रोल चालावं म्हणून १९७१ मध्ये कॉम्प्रेशन कमी केलं होतं. दुसरी मोठी घट बरीचशी हिशोबाची. आधी सुट्या इंजिनाची ताकद लिहीत, नंतर सायलेन्सर, पंखा, अल्टरनेटर लावून मोजलेली. ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यांत जो फरक, तोच इथे.

आधी तपासणी, मग खरेदी

मिसिंग किंवा पिकअप नाही अशी तक्रार आली की मेस्त्रीने या क्रमाने जावं: सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, मग पॉइंट, कंडेन्सर, प्लग आणि टायमिंग, मग व्हॅक्युमची गळती, मग पेट्रोल पंपाचा दाब. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

व्हॅक्युम गेजचा काटा इंजिन आयडलला असताना स्थिर हवा. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन साधारण १७ ते २१ इंच दाखवतं. दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच कमी होतो. त्यामुळे पणजीत १८ दाखवणारी गाडी बेळगावात, सुमारे ७५० मीटर उंचीवर, साडेपंधरा दाखवेल. तो बिघाड नव्हे.

केवढा कार्बोरेटर लागतो?

हिशोब सोपा आहे. इंजिनाचे घनइंच गुणिले कमाल आरपीएम, भागिले ३४५६. उत्तर येतं सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा लागते ते. कॅडिलॅक ४७२ ला ४५०० आरपीएम धरले तर ६१५ येतात. इंजिन पूर्ण क्षमतेने हवा ओढत नाही, म्हणून ८५ टक्के धरा: सुमारे ५२०. म्हणजे एवढ्या धिप्पाड इंजिनालाही ६०० चा कार्बोरेटर पुरतो. ८०० चा बसवला तर कमी वेगात हवेचा जोर पडतो, पेट्रोल नीट मिसळत नाही, शहरात गाडी अडखळते आणि अ‍ॅव्हरेज आणखी खाली जातं.

कुठला घ्यावा?

पहिली पसंती मूळ कार्बोरेटर ओव्हरहॉल करण्यालाच. कॅडिलॅकवर १९६७ पासून आलेला रोचेस्टर क्वाड्राजेट बहुधा ७५० सीएफएमचा असतो, पण त्याचे मागचे दोन मोठे बॅरल गरजेपुरतेच उघडतात, त्यामुळे तो चालतो. रात्रभर उभी गाडी सकाळी फार वेळ सेल्फ मारायला लावत असेल तर त्याच्या तळाचे प्लग गळतात का ते बघा. थ्रॉटलच्या दांड्याची भोकं झिजली असतील तर बुश बसवून घ्या.

मूळ कार्बोरेटर कामातूनच गेला असेल तर कार्टर एएफबी साधा आणि समजायला सोपा. त्याच रचनेचे नवे कार्बोरेटर एडेलब्रॉक विकते. होली ताकदीला चांगला, पण वारंवार जुळवणी मागतो. क्रायस्लरच्या थर्मोक्वाडची फिनॉलिक बॉडी पेट्रोल थंड ठेवते, मात्र वय झाल्यावर तडकते किंवा वाकते. लिंकन ४६० वरच्या मोटरक्राफ्ट ४३०० चं नाव फारसं चांगलं नाही. तिथे बदल समजण्यासारखा आहे.

बदलताना दोन धोके

क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सचा दाब कार्बोरेटरला जोडलेल्या दांड्यावर ठरतो. नवा कार्बोरेटर बसवताना हा दांडा सुटा राहिला किंवा चुकीचा लावला, तर क्लच प्लेट घसरून जळतात. अशा वेळी गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च कार्बोरेटरच्या कितीतरी पट होतो.

दुसरा धोका आगीचा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनी रबरी नळी आणि डायफ्रॅम फुगतात, गळतात. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण थोडं वाढवण्यासाठी जेट एक पायरी मोठा लावावा लागेल हे धरून चला. उन्हाळ्यात गरम इंजिन पुन्हा स्टार्ट होत नसेल तर कार्बोरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर घाला. इलेक्ट्रिक पंप लावायचाच तर दाब ५ ते ६ पीएसआयचा हवा. इंजेक्शन गाडीचा पंप ४० च्या वर जातो आणि पेट्रोल गरम इंजिनावर ओततो. इंजिन बंद पडताच पंपही थांबेल असा ऑइल प्रेशर स्विच त्याला जोडलेला असायलाच हवा.