कोयता: घडवून घेताना, कमरेला लावताना आणि घेऊन फिरताना

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीत सकाळी बागेकडे निघालेल्या माणसाच्या कमरेमागे लटकणारा कोयता हे इतके रोजचे दृश्य आहे की तिकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. तोच कोयता तोच माणूस रात्री अकरा वाजता दुचाकीच्या हँडलला अडकवून शहरातल्या चौकातून नेऊ लागला, तर पोलीस त्याला नक्की थांबवतील, आणि त्यात त्यांची चूकही नसेल. हत्यार तेच असले तरी ते कशासाठी आणि कसे जवळ बाळगले आहे, यावर त्याचा अर्थ बदलतो. कायदाही जवळपास असाच विचार करतो. त्यामुळे कोयता कसा घडवावा, कसा बाळगावा आणि कुठे नेऊ नये, हे तीन प्रश्न एकत्रच पाहावे लागतात.

कोयता, कोयती, विळा

कोयता म्हणजे जाड पाठीचा, आतल्या बाजूला धार असलेला आणि टोकाशी चोचीसारखा वळलेला वजनदार सुरा. घाव घालून तोडणे हे त्याचे काम. नारळाच्या झावळ्या साफ करणे, भाजावळीसाठी ऐन-किंजळीची कवळे तोडणे, बांबू तासणे, वईच्या काठ्यांना टोक काढणे, आंबा-काजूच्या बागेतली झुडपे मारणे अशी सगळी कामे एकच कोयता करतो. कोयती त्याची धाकटी बहीण: हलकी, घरापरसात वापरायची.

विळ्याचे काम वेगळे. तो घाव घालत नाही, ओढून कापतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने भातकापणीसाठी तयार केलेला दातेरी ‘वैभव’ विळा कोकणात परिचयाचा आहे. या विळ्याने भात जमिनीलगत कापता येते, आणि त्यामुळे धसकटात राहणाऱ्या खोडकिडीच्या अळ्यांनाही आळा बसतो. हा विळा दुकानात तयार मिळतो आणि बहुतेकांच्या हाताला चालतो. कोयत्याचे तसे नसते. तो वापरणाऱ्याच्या मनगटाला आणि कामाला जुळवून घ्यावा लागतो, म्हणूनच तो अजूनही लोहाराकडे सांगून करून घेण्याची रीत टिकून आहे.

लोहाराला काय सांगायचे

जाणता लोहार आधी विचारतो, ‘कशाला पाहिजे?’ माडावर चढणाऱ्याला हलका आणि जास्त वळलेला कोयता लागतो, तर जंगलझुडूप मारणाऱ्याला लांब, सरळ आणि टोकाकडे वजन असलेला. वजनाचा हिशेब वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. २५ सेंटीमीटर लांब, ६ सेंटीमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाडीचे पाते सरासरी ५९० ग्रॅम भरते. जाडी फक्त एक मिलिमीटरने वाढवली, तर ते ७०० ग्रॅमच्या पुढे जाते. दिवसातून शेकडो घाव घालायचे असतील तर हे शंभर-सव्वाशे ग्रॅम दुपारनंतर खांद्याला चांगलेच जाणवतात, आणि थकलेल्या हाताचा घाव चुकतो. पहिलाच कोयता करून घेणाऱ्याने भारी कोयत्याचा मोह टाळावा.

पोलाद बहुधा जुन्या ट्रकच्या कमानीच्या पाट्याचे असते. यामागे नुसती काटकसर नाही. स्प्रिंगच्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण अर्धा टक्का किंवा थोडे अधिक असते. त्यामुळे त्याला पाणी चढते, म्हणजे तापवून विझवल्यावर ते कडक होते, आणि तरीही घावाखाली काचेसारखे फुटत नाही. बांधकामाच्या साध्या लोखंडी पट्टीत कार्बन याच्या निम्म्याहूनही कमी असतो. तिचा कोयता दिसायला तसाच होतो, पण दोन दिवसांत धार वळते.

कोयत्याचा खरा जीव पाणी देण्यात असतो. पाते लालबुंद तापवून धारेची बाजू पाण्यात किंवा तेलात विझवतात. योग्य तापमान ओळखण्याची एक सोपी खूण आहे: साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते, त्याच्या थोडे वर गेले की विझवायचे. एवढ्यावर थांबले तर धार ठिसूळ राहते. म्हणून पाठीत उरलेली उष्णता धारेकडे उतरू देतात. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर पिवळसर, मग तांबूस, मग जांभळट रंग सरकत येतो. साधारण २३० ते २८० अंशांच्या या टप्प्यात कारागीर पाते पुन्हा विझवतो. तापलेल्या पात्याचा लालबुंद रंग नीट ओळखण्यासाठी भट्टीजवळ अंधार लागतो, म्हणून अनेक लोहारशाळा दिवसाही काळोख्या ठेवलेल्या असतात.

इथेच एक इशारा द्यायला हवा. असा कोयता विजेच्या दगडावर दाबून धार लावायला दिला आणि धारेवर निळा डाग उमटला, तर त्या जागचे पाणी उतरले असे समजावे. मग तो पुन्हा लोहाराकडेच न्यावा लागतो. रोजच्या वापरात कानस आणि हातातला धारेचा दगड पुरतो. धार पार बसली की कोयता लोहाराकडून शेवटून घ्यायचा, म्हणजे तापवून, ठोकून धार नव्याने काढायची आणि पुन्हा पाणी द्यायचे.

मुठीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही, आणि अपघात तिथूनच होतात. पात्याचे शेपूट मुठीत खोलवर शिरलेले असावे, तोंडाशी लोखंडाची किंवा पितळेची शेंबी घट्ट बसलेली असावी, लाकडात गाठ नसावी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या ओलीत मूठ फुगते आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकसते. पावसाळाभर घट्ट वाटलेली शेंबी नेमकी भातकापणीनंतर सैल होते. मूठ पाण्यात बुडवून घट्ट करणे हा तात्पुरता उपाय आहे. तशा कोयत्याने घाव घातला तर पाते निसटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकते. मुठीच्या मागच्या टोकाला थोडा उंचवटा ठेवायला सांगितला, तर घामेजलेल्या हातातूनही कोयता सुटत नाही. डावखुऱ्याने तसे आधीच सांगावे, कारण काही लोहार धार एकाच अंगाने तासतात.

आकडी

कोयता बाळगण्याची कोकणी युक्ती म्हणजे आकडी. लाकडाचा किंवा धातूचा हा आकडा दोरीने वा पट्ट्याने कमरेला बांधतात आणि तो मागच्या बाजूला येईल असा ठेवतात. त्यात कोयता अडकवला की दोन्ही हात मोकळे राहतात. माडावर चढताना, डोक्यावर भारा घेताना, ओढा ओलांडताना हे फार महत्त्वाचे असते. कोयता हातात धरून घसरडी पायवाट उतरणारा माणूस पडताना सहज हात पुढे टाकतो, आणि त्या हातात कोयता असतो. इटलीतले शेतकरीही ‘रोंकोला’ नावाच्या अशाच वळलेल्या कोयत्यासाठी कमरेला धातूचा आकडा लावतात. एकमेकांना न विचारता दोन्हीकडच्या लोकांनी एकच उत्तर शोधले.

आकडी चालत्या माणसासाठी आहे. धार उघडी असल्याने ती बांधून बसणे, वाकून लहान मुलाला उचलणे किंवा दुचाकीवर मागे कोणी बसलेले असताना गाडी चालवणे धोक्याचे. गाडीवर जायचे असेल तर कोयत्याला म्यान हवे. चामड्याचे असले तर उत्तम, पण जुन्या टायरच्या रबराचे किंवा गरम करून चपटा केलेल्या पीव्हीसी पाइपाचेही चालते. म्यानात चोचीचे टोक झाकले जाते ना, हे पाहावे. पोत्यात नुसता गुंडाळलेला कोयता दोन खड्ड्यांत पोते फाडून बाहेर येतो. म्यान प्रवासापुरते वापरावे. खाऱ्या हवेत चामड्याच्या आत पडून राहिलेले पाते आतल्या आत गंजते. घरी आल्यावर चीक आणि माती पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून कोयता मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर टांगावा.

काम करतानाचे काही नियम जुनी माणसे न शिकवताही पाळतात. दोन कोयतेवाल्यांनी एकमेकांच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहावे. फांदी डाव्या हाताने धरलीच तर घाव त्या हाताच्या पलीकडे, अंगापासून दूर जाणारा असावा. झाडावर चढून कोयता मागाहून दोरीने वर ओढून घ्यावा, दातात धरू नये. मध्येच थांबायचे झाले तर तो गवतात टाकू नये, ओंडक्यात रोवावा. गवतात पडलेला कोयता सापडतो तो बहुधा पायालाच. विळी-सुरी हातात देऊ नये, खाली ठेवावी, नाहीतर भांडण होते, अशी समजूत अनेक मराठी घरांत आहे. भांडणाचे माहीत नाही, पण बोटे वाचवायला हा नियम चांगला आहे.

तरीही कापलेच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि तो अवयव वर उचलून ठेवावा. तंबाखू, चुना, राख, हळद काहीही भरू नये. दर मिनिटाला कापड उचलून पाहू नये, त्याने रक्त पुन्हा सुरू होते. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. मातीत वापरलेल्या कोयत्याची जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

कायदा कुठे रेघ ओढतो

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील शस्त्रांच्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. शस्त्र नियम, २०१६ मध्ये तलवारी, खंजीर, भाले यांच्यासोबत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे येतात, पण घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले जातात. आता वरचे माप पुन्हा पाहा: २५ सेंटीमीटर म्हणजे ९ इंचांहून जास्त आणि ६ सेंटीमीटर म्हणजे २ इंचांहून जास्त. म्हणजे रत्नागिरीतला अगदी साधा कोयताही दोन्ही मापे ओलांडतो. त्याला वाचवते ते त्याचे शेतीचे अवजार असणे.

म्हणून हौसेने काही करून घेताना जपावे. दोन्ही बाजूंना धार, खंजिरासारखे अणकुचीदार टोक किंवा तलवारीसारखे लांब पाते सांगितले, की ते शेतीसाठी आहे हे पटवणे अवघड होते. भटकंतीसाठी सुरी हवी असेल तर हातभर लांबीची गरजही नसते. दोरी कापणे, फळे चिरणे, काटक्या तासणे यांना १० सेंटीमीटरचे पाते भरपूर झाले.

दुसरी रेघ वेळ आणि जागेची आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ नुसार जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी शस्त्रे, सुरे, लाठ्या आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई करू शकतात. सण-उत्सव आणि निवडणुकांच्या काळात असे आदेश निघतात. ते मोडल्यास कलम १३५ खाली शिक्षा होते. इथे मापाचा प्रश्नच येत नाही. अशा काळात बागेतून परतताना बाजारात थांबायचे असेल, तर कोयता आधी घरी ठेवून येणे शहाणपणाचे.

अभयारण्यात नियम आणखी कडक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाता येत नाही, आणि या कायद्याच्या व्याख्येत सुरीचाही समावेश आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या चांदोलीच्या बाजूला जाणाऱ्या भटक्यांनी वनरक्षकाला विचारल्याशिवाय पिशवीत काही टाकू नये. विमानाने जाताना कोयता, सुरी किंवा विळी हातातल्या सामानात चालत नाही. ती नीट गुंडाळून तपासणीला द्यायच्या मोठ्या बॅगेत ठेवावी लागते.

२०२२ च्या अखेरीपासून पुण्यात कोयते उगारून दहशत माजवण्याचे प्रकार गाजले आणि ‘कोयता गँग’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांना ग्राहकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवायला सांगितले. खंडेनवमीला देव्हाऱ्यापुढे मांडून हळदकुंकू वाहिले जाणारे अवजार असे नोंदवहीत गेले. याचा ताप शेतकऱ्यालाही होतो. गावी करून घेतलेला कोयता मुंबई-पुण्याला नेणाऱ्या चाकरमान्याने तो म्यानात घालून, दोरीने बांधून, सामानाच्या तळाशी ठेवावा. लोहाराने चिठ्ठी दिली असेल तर तीही सोबत ठेवावी. कोणी विचारलेच, तर कोयता कुठून आणला आणि कुठल्या बागेत वापरायचा आहे, हे सरळ सांगता आले पाहिजे.