लसूणघास व इतर चारापिके (जालना जिल्हा)

धान्यासाठी नव्हे, तर जनावरांच्या वैरणीसाठीच मुद्दाम पेरलेल्या पिकांना चारापिके म्हणतात. धान्य काढून घेतल्यावर हाती राहणारा ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड आणि सोयाबीन-हरभऱ्याची गुळी, म्हणजे मळणीनंतरचे भुसकट, हा दुय्यम चारा होय. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग वेगळे काढून झालेल्या जालना जिल्ह्यात पशुपालनाची सारी भिस्त पिढ्यान्‌पिढ्या या दुय्यम चाऱ्यावरच राहिली. वर्षाकाठी सातशे मिमी.च्या आसपास पडणारा आणि फार लहरी असलेला पाऊस, विहिरींना जानेवारीनंतर उतरत जाणारे पाणी आणि उघडे पडलेले गायरान यांमुळे हिरवी वैरण ही येथे पावसाळ्यापुरतीच गोष्ट होती.

ही भिस्त गेल्या काही दशकांत डळमळीत झाली. उंच वाढणाऱ्या गावरान ज्वारीच्या जागी बुटके संकरित वाण आले, तेव्हा धान्य वाढले पण कडब्याची पेंढी आखूड झाली. देशातील पहिली संकरित ज्वारी ‘सीएसएच-१’ १९६४ साली प्रसारित झाली आणि त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेल्या ‘महिको’ या बियाणे कंपनीमुळे जालना हे बियाण्यांचे शहर म्हणून पुढे आले. पुढे कापूस व सोयाबीन यांनी ज्वारीचे क्षेत्रच व्यापले. कापसाच्या पऱ्हाटीचा चारा होत नाही आणि सोयाबीनच्या गुळीला कडब्याची सर येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत जालना होता, तेव्हा वैरणीची ही उणीव उघडपणे दिसली. म्हणून चाऱ्यालाही स्वतःचे रान, स्वतःचे पाणी आणि स्वतःचा हंगाम देणे हाच येथील खरा उपाय ठरतो.

लसूणघास (मेडिकॅगो सटायव्हा) ही शिंबावंत कुलातील बहुवर्षीय वनस्पती असून इराण व त्याच्या आसपासचा प्रदेश हे तिचे मूलस्थान मानले जाते. जगात ती आल्फाल्फा व ल्युसर्न या नावांनी ओळखली जाते. तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात, त्यामुळे तिला नत्रखत थोडे आणि स्फुरद भरपूर लागते. सोटमूळ दोन-तीन मीटरपर्यंत खोल जाते. जालन्याची बेसाल्ट खडकापासून बनलेली चुनखडीयुक्त जमीन तिला मानवते, मात्र भारी काळ्या रानात पाणी साचले की मुळे कुजतात. म्हणून निचऱ्याची मध्यम काळी जमीन निवडावी आणि सपाट वाफे लहान ठेवावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, थंडी पडू लागताच, हेक्टरी २५ किलो बियाणे जिवाणूसंवर्धक चोळून ३० सेंमी. अंतरावरील ओळींत पेरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘आरएल-८८’ हा वाण महाराष्ट्रात विशेष रुळला आहे. बियाणे प्रमाणित घेण्यावर भर द्यावा लागतो, कारण त्यातून अमरवेल या परोपजीवी वेलीचे बी शेतात येते; एकदा ती आली की बाधित जागेवरचे पीक वेल फुलण्यापूर्वीच कापून जाळण्यावाचून इलाज नसतो.

पहिली कापणी पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी आणि पुढच्या दर २५ ते ३० दिवसांनी, जमिनीपासून थोडे वर, साधारणतः पीक फुलोऱ्यावर येऊ लागताच करतात. उशीर झाल्यास देठ जून होऊन पाने गळतात आणि खरे पोषण पानांतच असते. पीक तीन वर्षे टिकते. उत्तम व्यवस्थापनात वर्षाला हेक्टरी १०० टनांच्या आसपास हिरवा चारा मिळतो, म्हणजे गुंठ्याला वर्षाकाठी सुमारे एक टन. पाच गुंठ्यांतून सरासरीने दिवसाला तेरा-चौदा किलो चारा निघतो, आणि त्यातील शुष्क भागात सुमारे २० टक्के प्रथिने असल्याने दोन दुभत्या जनावरांच्या पेंडीचा बराच भार हलका होतो. जालन्यासारख्या जिल्ह्यात या पिकाचे योग्य माप एकर नसून गुंठा हेच आहे, कारण हिवाळ्यात पंधरा दिवसांनी लागणारे पाणी उन्हाळ्यात आठ दिवसांवर येते. कोवळी, दवाने भिजलेली लसूणघास उपाशी जनावराने भरपेट खाल्ल्यास पोटफुगी होऊन ते दगावू शकते. म्हणून ती कापून थोडी सुकवून, कडब्याच्या कुट्टीत मिसळूनच घालावी.

एकदल चारापिकांत कडवळ, म्हणजे चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी, हे या जिल्ह्याचे जुने पीक आहे. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या कडवळात हायड्रोसायनिक आम्लाचे विष असते, त्यामुळे निम्मे पीक फुलोऱ्यात आल्याखेरीज ते जनावरापुढे टाकू नये. ‘आफ्रिकन टॉल’ मका, रब्बीतील ओट आणि मक्यात मिसळून घेतलेली चवळी ही त्याच्या जोडीची पिके होत. संकरित नेपिअरचे ‘फुले यशवंत’ व ‘फुले जयवंत’ हे वाण ठोंब लावून वर्षानुवर्षे ठेवता येतात, पण त्यांना बारमाही पाणी हवे. अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांच्या जायकवाडी धरणाच्या कालव्याखालील पट्ट्यात ते शोभतात. भोकरदन-जाफराबादकडील कोरडवाहू शेतकऱ्याने बांधावर मारवेल गवत, दशरथ घास आणि शेवरी लावणे अधिक शहाणपणाचे होय.

जास्तीचा चारा टिकवण्याच्या दोन रीती आहेत. लसूणघासीत शर्करा कमी व प्रथिने जास्त असल्याने तिचा एकटीचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला चारा, नीट साधत नाही. ती सावलीत, पाने न झडू देता वाळवणे बरे. मका मात्र दाणे दुधाळ असताना कापून, दोन-तीन सेंमी.ची कुट्टी करून, खड्ड्यात किंवा पिशवीत हवा राहणार नाही इतकी दाबून भरल्यास ४५ ते ६० दिवसांत उत्तम मुरतो. भर उन्हाळ्यात पाणी अगदीच तुटले तर लसूणघासीचे पाणी तोडावे. खोल मुळांमुळे ती बहुधा तग धरते आणि पावसाबरोबर पुन्हा फुटते. त्या महिन्यांची वैरण मात्र खरिपाच्या मक्यातूनच काढायची असल्याने, मुरघासाचा खड्डा सप्टेंबर सरण्यापूर्वी भरलेला असावा.