टोपीकर वखारवाले आणि वाढतें मराठी राज्य

बारामती तालुक्यांतील वडगांव निंबाळकर हें गांव समुद्रापासून फार दूर आहे. नीरा नदीच्या पलीकडे निंबाळकरांचें फलटण, अलीकडे सुप्याचा परगणा, पूर्वेस इंदापूर, आणि पश्चिमेस कोंकणाची वाट अडवून उभा असलेला सह्याद्रि. सतराव्या शतकांत पुणें, सुपें व इंदापूर हे परगणे शहाजी राजांच्या जहागिरींत मोडत. या कोरड्या टापूंतून उठणाऱ्या सत्तेशीं एक दिवस नजराणे घेऊन तह करावा लागेल, असें १६५० च्या सुमारास सुरतेच्या वखारींतील इंग्रजास कोणी सांगितलें असतें, तर त्यानें तें हंसण्यावारी नेलें असतें.

वाढत्या सत्तेशीं कसें वागावें, हा प्रश्न आज युरोपांतील सरकारांपुढें चीनच्या रूपानें उभा आहे. मार्च २०१९ मध्यें युरोपीय संघानें एका धोरणपत्रांत चीनला सहकार्याचा भागीदार, व्यापारांतील स्पर्धक आणि राज्यपद्धतीचा प्रतिस्पर्धी अशीं तीन नांवें एकाच वेळीं दिलीं. डिसेंबर २०२० मध्यें चीनशीं भांडवल-गुंतवणुकीचा करार तत्त्वतः ठरला. मे २०२१ मध्यें युरोपीय पार्लमेंटानें तो अडवून धरला. ही दुहेरी चाल पुष्कळांस नवी वाटते. परंतु युरोपीय व्यापाऱ्यांनीं ती पूर्वीं येथेंच, याच किनाऱ्यावर, चालवून पाहिली होती. आणि त्या वेळीं वाढती सत्ता मराठ्यांची होती.

१६५६ च्या आरंभीं शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली. त्याच वर्षीं सावत्र मामा संभाजी मोहिते यांजकडून सुपें घेतलें. पुढल्या वर्षीं कल्याण व भिवंडी हीं ठिकाणें हातीं आलीं, आणि नव्या राज्याला समुद्र दिसला. महाराजांनीं गलबतें बांधावयास घेतलीं. तीं बांधण्यास रुई लैतांव व्हियेगस नांवाचा फिरंगी कारागीर चाकरीस होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांस ही गोष्ट कळतांच त्यांनीं त्यास व त्याच्या साथीदारांस काम सोडून परत येण्यास लावलें. शेजाऱ्याशीं गोड बोलावें, व्यापार करावा, परंतु जहाज बांधण्याची विद्या त्याच्या हातीं जाऊं देऊं नये, असा तो हिशेब होता. (डच सरकारनें २०२३ सालीं अतिसूक्ष्म विद्युत्-चकत्या घडविणाऱ्या कांहीं यंत्रांच्या निर्यातीवर परवान्याचें बंधन घातलें, त्याचा हिशेब याहून फारसा निराळा नाहीं.)

इंग्रजांनीं मात्र पहिली चाल अगदींच कच्ची केली. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला असतां राजापूरच्या वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन हा कंपनीचा दारूगोळा व इंग्रजी निशाण घेऊन वेढ्यांत सामील झाला. व्यापाऱ्यानें दोन राजांच्या लढाईंत तोफेस बत्ती द्यावी, याहून मोठी चूक ती कोणती? मार्च १६६१ मध्यें मराठ्यांनीं राजापूर लुटलें, वखार खणून काढली आणि इंग्रजांस कैद केलें. रेव्हिंग्टन आजारीपणामुळें लवकर सुटला व पुढें मरण पावला. बाकीच्यांस सुमारें दोन वर्षें बंदींत काढावीं लागलीं. त्यांनीं सुरतेस गाऱ्हाणीं लिहिलीं, तेव्हां तेथील वरिष्ठांनीं त्यांसच सुनावलें, कीं कंपनीच्या मालाचें रक्षण करतांना तुम्ही कैदेंत पडलां नाहीं. निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकलेत, त्याचें हें फळ आहे. आपल्या माणसांवर इतकें स्पष्ट दोषारोपण कंपनीच्या दप्तरांत क्वचितच आढळेल.

परंतु याच वरिष्ठांनीं राजापूरच्या नुकसानीची मागणी सोडली नाहीं. १६६८ सालीं मुंबई बेट कंपनीकडे आलें आणि ही मागणी अधिकच अवघड झाली. बेटावर धान्य व जळाऊ लांकूड यावयाचें तें समोरच्या किनाऱ्यावरून, आणि त्या किनाऱ्याचा मोठा भाग मराठ्यांचा. उलट सुरतेचा व्यापार मोगलांच्या मर्जीवर चाले. मोगलांचा आरमारी सरदार म्हणून जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यांत मुंबईस गलबतें लावूं पाही. त्यास नाहीं म्हटलें तर औरंगजेब रागावणार, होय म्हटलें तर रायगड. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यानें तराजूचीं दोन्ही पारडीं हातानें धरून ठेवण्यांत आपली कारकीर्द घालविली. महाराजांकडून तोफांची मागणी आली कीं नम्र सबबी सांगाव्या, आणि त्याच पत्रांत राजापूरच्या पैशांची आठवण द्यावी, असा क्रम वर्षानुवर्षें चालला.

अखेर १६७४ च्या मे महिन्यांत हेन्री ऑक्झेंडन हा वकील रायगडास निघाला. नारायण शेणवी दुभाषी म्हणून बरोबर होता. महाराज तेव्हां प्रतापगडच्या भवानीच्या दर्शनास गेले असल्यामुळें वकिलास वाट पाहावी लागली. सिद्दीशीं सलोखा करावा अशी शिफारस करण्याचीही त्यास आज्ञा होती. परंतु निराजीपंतांनीं, ती गोष्ट न काढणेंच बरें, असें आधींच सुचविलें. ता. ६ जूनच्या राज्याभिषेकास ऑक्झेंडन हजर होता व त्यानें महाराजांस हिऱ्याची अंगठी नजर केली. गडावरील मुक्कामांत इंग्रजांनीं इतकें मांस खाल्लें, कीं हे गिऱ्हाईक आहेत तरी कसे, हें पाहण्यास म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून आला, अशी आठवण डॉक्टर फ्रायर यानें नमूद केली आहे.

तहाच्या वाटाघाटी मुळांतून वाचण्यासारख्या आहेत. नुकसानभरपाई १०,००० होन ठरली. पण ती रोख नाहीं. इंग्रजांनीं तीन वर्षें दरसाल ५,००० होनांचा माल महाराजांकडून घ्यावा व निम्मेच पैसे द्यावे. म्हणजे ७,५०० होन फिटले. उरलेले २,५०० राजापूरच्या जकातींतून वळते करावे. ज्याचें देणें लागतों त्यासच बांधलेलें गिऱ्हाईक करून घेण्याची ही युक्ति लंडनच्या सावकारासही सुचली नसती! मुंबईचें नाणें स्वराज्यांत चालावें, ही मागणी होती. तिला उत्तर मिळालें, कीं नाणें चोख असेल तर लोक आपण होऊन घेतील, जबरदस्ती कशास? फुटून किनाऱ्यास लागलेलीं जहाजें परत मिळावीं, ही मागणी तर साफ नाकारली गेली. तसा कोंकणचा रिवाज नाहीं, आणि इंग्रजांस सवलत दिली तर उद्यां फ्रेंच व वलंदेज तीच मागतील, असें कारण दिलें गेलें. चारही टोपीकर एकमेकांवर डोळा ठेवून आहेत, हें रायगडावर पुरतें ठाऊक होतें. आदल्याच वर्षीं वलंदेजांनीं मुंबई घेण्याच्या कामीं महाराजांची मदत मागितली होती आणि ती त्यांस मिळाली नव्हती.

तहानें राजापूरची वखार पुन्हां उघडली, पण दुहेरी चालीची परीक्षा पांच वर्षांनीं झाली. १६७९ च्या पावसाळ्यांत मराठ्यांनीं मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. या वेळीं इंग्रजांनीं पत्रें न लिहितां लढाऊ गलबतें पाठविलीं. ऑक्टोबरांतील झुंजींत त्यांचें ‘डव्ह’ गलबत मराठ्यांच्या हातीं लागलें. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीं नागोठण्याच्या खाडींतून निघून बेटावर सामान पोंचवीत आणि उथळ पाण्यांत शिरून निसटत. मोठीं इंग्रजी जहाजें वाऱ्याची वाट पाहत उभीं राहत. खर्च वाढला, तेव्हां सुरतेहून हुकूम आला कीं जमेल त्या मानानें मिटवून टाका. जानेवारी १६८० मध्यें सिद्दीनें शेजारच्या उंदेरीवर ठाणें दिलें. इंग्रजांनीं आपलीं गलबतें परत बोलावून महाराजांशीं समेट केला, आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.