टीबीसारखाच दिसतो, पण टीबी नाही. एनटीएम कसा ओळखतात?

थुंकीच्या तपासणीत जंतू दिसले की टीबीच, असं आपल्याला वाटतं. पण 'नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया' म्हणजे एनटीएम हे माती-पाण्यात राहणारे जंतूही सूक्ष्मदर्शकाखाली तसेच दिसतात.

निदान कसं होतं?

सीबीनॅट आणि ट्रूनॅट या चाचण्या टीबीचाच जंतू शोधतात. त्यामुळे काचपट्टीवर जंतू दिसले, पण सीबीनॅट निगेटिव्ह आली, तर जळगाव असो वा धुळे, डॉक्टरांना एनटीएमची शंका घ्यावी लागते. मग कल्चर करतात. पाण्यातला जंतू नमुन्यात चुकूनही येऊ शकतो. म्हणून थुंकीच्या किमान २ वेगवेगळ्या नमुन्यांत तो वाढावा लागतो. लक्षणं आणि सीटी स्कॅनही जुळावे लागतात.

फरक का महत्त्वाचा?

टीबीची नेहमीची औषधं अनेक एनटीएमवर चालत नाहीत. प्रजाती कळली नाही, तर रुग्णावर 'औषधाला दाद न देणारा टीबी' असा चुकीचा शिक्का बसू शकतो.

पाण्यावर नजर कशाला?

नळ आणि टाक्यांच्या आतल्या बुळबुळीत थरात हे जंतू टिकतात, क्लोरीनलाही सहज मरत नाहीत. खान्देशात उन्हाळ्यात पाणी साठवावंच लागतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर जखमा भरत नसतील, तर रुग्णालयातलं पाणी आणि उपकरणं तपासतात, तिथल्या जंतूची जनुकं रुग्णाच्या जंतूशी ताडून पाहतात.

नोंद होते का?

टीबीची नोंद २०१२ पासून बंधनकारक आहे. एनटीएमला देशभर तशी सक्ती नाही, त्यामुळे बरेच रुग्ण आकडेवारीत येतच नाहीत.