कुंथलगिरीचा खवा

आजचा भाग मी नोएडातून बोलतोय, पण गोष्ट मराठवाड्यातली आहे.

दिल्लीत मोरी गेटला खव्याचा मोठा घाऊक बाजार आहे. परवा तिथं मी खव्याच्या जाती बघत होतो. पिंडी खवा पेढ्या-बर्फीला, धाप गुलाबजामला, दाणेदार कलाकंदाला. बघता बघता मला कुंथलगिरी आठवली.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत हे छोटं गाव आहे. दिगंबर जैनांचं हे सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण हे मुनी इथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा. 1931 चा चातुर्मास दिल्लीत करणारे आचार्य शांतिसागर महाराज यांनी 1955 मध्ये सल्लेखना घेऊन देह ठेवला, तोही इथंच.

आता प्रश्न असा, की तीर्थाचं गाव खव्याचं गाव कसं झालं? हा भाग कमी पावसाचा. पीक हाती लागेल याचा भरवसा नाही, म्हणून जनावरांचा आधार. पण दूध उन्हाळ्यात काही तासांत नासतं आणि मोठी शहरं लांब. हीच अडचण युरोपातल्या डोंगरी गावांपुढेही होती. त्यांनी वासराच्या पोटातल्या विरजणानं दूध साकळवलं आणि चीज केलं. आपल्याकडे, त्यातून जैन तीर्थाच्या पायथ्याशी, ती वाट कोण धरणार? इथं दूध फाडलं नाही, आटवलं. गाईचं साधारण पाच लिटर दूध आटलं की किलोभर खवा होतो. ओझं पाचपट कमी, आणि माल दुधापेक्षा जास्त टिकतो. यात्रेकरू घरी जाताना पेढे बांधून नेतात, तसं गावाचं नावही लांब जातं.

या खव्याला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे, पण मला काळजी वेगळीच वाटते. दिवाळी आली की इथं दिल्लीत भेसळीच्या बातम्या सुरू होतात. गिऱ्हाईक सगळ्याच खव्याकडे संशयानं बघतं. त्याचा फटका भेसळ करणाऱ्याला कमी आणि पहाटे उठून कढईपुढे उलथनं फिरवणाऱ्याला जास्त बसतो. शिवाय पेढ्यावर दुकानाचं नाव असतं, खवा कुणाचा ते कुठंच नसतं.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी पेढा घेताना एवढंच विचारा, ‘खवा कुठला?’ मानांकन कागदावर मिळतं. त्याचे पैसे भट्टीवाल्याच्या हातात पडायचे, तर हा प्रश्न गिऱ्हाइकानंच विचारायला हवा.